जुलिया लामाची चित्रं कुणाच्या नावावर?

‘ज्युडिथ आणि होलोफर्नीस’ हे चित्र नीट बघा. शत्रूचा सेनापती होलोफर्नीस उघड्या अंगाने गाढ झोपलाय आणि त्याचं मुंडकं उडवायला आलेली ज्युडिथ वर बघत देवाचा धावा करतेय. बायबलमधली ही गोष्ट रंगवताना बहुतेक चित्रकारांना तुटलेलं मुंडकं दाखवायचा मोह आवरत नाही. इथे ते अजून धडावरच आहे. त्या धडाचे स्नायू, छातीवर पडलेला उजेड पाहा. ऐकीव माहितीवर असं शरीर रंगवता येत नाही.

हे काम जुलिया लामाचं. जन्म १६८१, व्हेनिस. वडील आगोस्तीनो चित्रकार, त्यामुळे कुंचला घरातच होता. तेव्हा व्हेनिसमध्ये चित्रकर्ती म्हटलं की नाव निघायचं रोझाल्बा कार्येराचं. तिच्या नाजूक पेस्टल व्यक्तिचित्रांवर युरोपातले राजेरजवाडे फिदा होते. जुलियाने मात्र चर्चच्या वेदीवरची भलीमोठी चित्रं करायला घेतली. म्हणजे थेट पुरुषांच्या ताटातच हात घातला!

व्हायचं तेच झालं. आंतोनियो कोंती या विद्वानाने १७२८ साली मादाम द कायल्यूस या फ्रेंच बाईंना पत्र लिहिलं. मोठ्या चित्रांत जुलिया रोझाल्बापेक्षा सरस आहे, पण चित्रकार बिचारीचा छळ करतात, असं तो सांगतो. तिला गणित येतं, ती कविता करते, लेस विणायच्या यंत्राचा विचारही तिच्या डोक्यात चालू असतो. आणि जाता जाता, ती दिसायला कुरूप आहे हेही लिहायला विसरत नाही. एवढी हुशारी सांगून झाल्यावर याची काय गरज होती?

१७४७ साली जुलिया गेली आणि तिची चित्रं दुसऱ्यांच्या नावांवर वाटली गेली. कुणी ती व्हेनिसच्याच पियात्सेत्ता या चित्रकाराची ठरवली, कुणी आणखी कुणाची. बरं, पियात्सेत्ता तिच्या जवळचा. त्याने रंगवलेलं तिचं चित्र आज माद्रिदला आहे. गडद सावल्या दोघांच्याही कामात दिसतात, त्यामुळे घोटाळा सोपा होता.

सुटका केली एका जुन्या पुस्तकाने. झानेत्तीने १७३३ साली व्हेनिसमधल्या चित्रांची जंत्री छापली, त्यात चर्चमधल्या चित्रांपुढे तिचं नाव आहे. त्यांच्याशी ताडून विसाव्या शतकात अभ्यासकांनी एकेक चित्र तिच्या नावावर परत आणलं. पुढे तिची सुमारे दोनशे रेखाटनं सापडली. त्यांत नग्न स्त्रिया आहेत, पुरुषही आहेत. बाईने असा अभ्यास करणं त्या काळी कुणाच्या पचनी पडणारं नव्हतं.

व्हेनिसच्या सान व्हिदाल चर्चमध्ये आता विवाल्दी या संगीतकाराच्या रचनांच्या मैफली होतात. तिचा क्रूसावरचा ख्रिस्त तिथेच आहे. गेलात तर थोडं लवकर पोहोचा, वादन सुरू व्हायच्या आत चित्र बघून होईल.