कैलास पर्वत कुठल्या तालुक्यात येतो?

नमस्कार मंडळी. कैलास मानसरोवर म्हटलं की आपल्याकडे लगेच हात जोडले जातात, आणि जोडले जावेतच. पण आज मला त्या जागेबद्दल जरा वेगळा प्रश्न घेऊन तुमच्याशी बोलायचंय. कैलास पर्वत नक्की कुठल्या तालुक्यात येतो? म्हणजे तिथला रस्ता फुटला तर तक्रार कुठल्या ऑफिसात जाते, तिथल्या मेंढपाळाच्या मुलाला जन्माचा दाखला कुठून मिळतो, आणि यात्रेकरूंच्या पासपोर्टवर शिक्का कुठल्या गावात बसतो? आपण त्या डोंगराबद्दल इतकं ऐकतो, वाचतो, फोटो फॉरवर्ड करतो, पण तो कुठल्या गावाच्या हद्दीत आहे हे शंभरातल्या दोघांना तरी सांगता येईल का, मला शंका आहे.

तर उत्तर असं. कैलास आणि मानसरोवर येतात पुरंग नावाच्या काउंटीत. चिनी मॅपवर ते पुलान म्हणून दिसतं. काउंटी म्हणजे तिथला शियान, आपला जिल्हा आणि तालुका यांच्या मधलं काहीतरी. या काउंटीचं मुख्य गाव म्हणजे आपले यात्रेकरू ज्याला तकलाकोट म्हणतात ते. कैलास त्या गावापासून बराच उत्तरेला, बारगा नावाच्या टाऊनशिपच्या, म्हणजे काउंटीच्या खालच्या भागाच्या, हद्दीत आहे, आणि परिक्रमा जिथून सुरू होते ते दारचेन गावही बारगातच.

आता वरून खाली उतरूया म्हणजे चित्र नीट दिसेल. सगळ्यात वर तिबेट स्वायत्त प्रदेश, राजधानी ल्हासा. त्याचे सात मोठे भाग. त्यातले सहा भाग आता 'शहर' म्हणवले जातात, म्हणजे शिगात्से, छामदो वगैरे २०१४ पासून एकामागून एक शहराच्या दर्जाचे झाले (शहर म्हणजे नुसतं शहर नाही हं, त्यात शेकडो किलोमीटरचं माळरानही आलं). फक्त एकच भाग जुन्या पद्धतीने प्रीफेक्चर, म्हणजे काउंट्यांच्या वरचा मोठा विभाग, राहिला, तो म्हणजे पश्चिमेचा न्गारी. आपला पुरंग या न्गारीत. न्गारीचं क्षेत्रफळ तीन लाख चौरस किलोमीटरच्या वर जातं, म्हणजे साधारण आपला अख्खा महाराष्ट्र, आणि २०२० च्या जनगणनेत तिथे माणसं होती सव्वा लाखाच्या आसपास. महाराष्ट्राएवढ्या जागेत सव्वा लाख! आणि एवढ्या जागेचा कारभार फक्त सात काउंट्यांत वाटलेला आहे: गार, पुरंग, झांदा, रुतोक, गेग्याई, गेर्झे आणि चोछेन. प्रीफेक्चरचं ऑफिस गार काउंटीत, सिंधू नदीच्या काठावरच्या शीच्वानहे गावात.

पुरंग काउंटीत लोकसंख्या बारा हजारांच्या आसपास. एक टाऊन आणि दोन टाऊनशिप, बस, एवढीच विभागणी. टाऊन म्हणजे पुरंग गाव (म्हणजेच तकलाकोट) आणि आजूबाजूचं खोरं, टाऊनशिप म्हणजे बारगा आणि होर. त्यांच्या खाली गावं, गावांच्या समित्या. काउंटीला एक प्रशासकीय प्रमुख असतो आणि एक पार्टी सेक्रेटरी असतो, आणि चीनमध्ये सगळीकडे असतं तसं इथेही शेवटचा शब्द पार्टी सेक्रेटरीचा.

पण मला सगळ्यात जास्त आवडतं ते या काउंटीचं पोट, म्हणजे आतली रचना. मॅप उघडा फोनवर, मी सांगतो तसं बघा. खाली दक्षिणेला एक नदी दिसेल, ती कर्नाली, तिबेटी लोक तिला मापछा म्हणतात, मोराच्या तोंडातून आलेली नदी. हीच नेपाळमध्ये उतरते आणि पुढे आपल्याकडे घाघरा होऊन गंगेला मिळते. या नदीच्या खोऱ्यात तकलाकोट आहे, उंची साधारण ३९०० मीटर, आणि तिबेटच्या मानाने ही उंची कमीच म्हणायची, म्हणून इथे शेती होते, जव होतं, वाटाणा होतो, पाटाच्या पाण्याने भिजणारी छोटी छोटी हिरवी शेतं आहेत. मग तुम्ही उत्तरेला निघालात की डाव्या-उजव्या हाताला बर्फाचे डोंगर, त्यातला मोठा म्हणजे गुर्ला मांधाता, ७६९४ मीटर, आणि गुर्ला खिंड चढून पलीकडे गेलं की एकदम सगळं बदलतं. समोर राक्षसताल, मग मानसरोवर, ४५०० मीटरच्या वरचं पठार, झाड नाही, शेत नाही, फक्त गवत आणि याक आणि मेंढ्या, आणि त्या सगळ्याच्या पलीकडे कैलास. हे झाले बारगा आणि होर. म्हणजे एकाच काउंटीत खाली शेतकरी आणि वर मेंढपाळ, मध्ये एक खिंड.

आणि ही जोडी कुणी टेबलावर बसून पट्टीने आखलेली नाही. शेकडो वर्षं खालचं जव वर गेलं आणि वरचं मीठ आणि लोकर खाली आली, नेपाळच्या हुमल्यातून आणि आपल्या कुमाऊँच्या ब्यांस खोऱ्यातून, गुंजी, गर्ब्यांग अशा गावांतून माणसं धान्य, गूळ, कापड घेऊन यायची आणि लोकर घेऊन परतायची. नुसत्या माळरानावर माणूस वर्षभर जगू शकत नाही, आणि नुसत्या तेवढ्याशा शेतीवरही नाही, म्हणून खोरं आणि पठार एकत्र असणं हीच इथली जगण्याची रीत होती, आणि आजची काउंटीची हद्दसुद्धा बरीचशी त्याच रीतीवर उभी आहे. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, कारण आपण हद्दी म्हटलं की फक्त सरकार आणि सैन्य एवढंच डोक्यात आणतो.

जुन्या काळात या जागेला झोंग म्हणायचे, झोंग म्हणजे किल्ला आणि त्याच्याभोवतीचा मुलूख. तकलाकोटच्या वरच्या कड्यावर सिम्बिलिंगचा मठ आणि किल्ला होता, तिथे झोंगपोन बसायचा, म्हणजे किल्लेदार-कम-मामलेदार. पश्चिम तिबेटात असे चार मुख्य झोंग, पुरंग, त्सापारंग, दाबा आणि रुतोक, आणि त्यांच्यावर ल्हासाहून नेमलेले दोन गारपोन, जे उन्हाळ्यात गारतोकला आणि हिवाळ्यात खाली गारगुन्साला राहायचे. थंडीप्रमाणे राजधानीच हलवायची! त्याच्याही मागे गेलात तर दहाव्या शतकात ल्हासाकडच्या राजघराण्यातला क्यिदे न्यिमागोन पश्चिमेला आला, त्याने पुरंगमध्येच बस्तान बसवलं, आणि त्याच्या मुलांमध्ये लडाख, गुगे-पुरंग आणि झांस्कर-स्पिती अशी वाटणी झाली. म्हणजे लडाखचं राज्य आणि हे खोरं हे एकाच घरातले. १७ व्या शतकाच्या शेवटी लडाख आणि तिबेटचं युद्ध झालं, त्यानंतर गुगे, पुरंग वगैरे ल्हासाच्या ताब्यात गेले.

आणि इथे एक भारी गोष्ट आहे, ऐका. १६८४ च्या त्या तहात लडाखच्या राजाने एक गाव स्वतःकडे राखून ठेवलं, मिनसर नावाचं, कैलासाच्या पश्चिमेला. कशासाठी, तर त्या गावाच्या उत्पन्नातून कैलास आणि मानसरोवराच्या पूजेचा खर्च चालावा म्हणून. पुढे लडाख जम्मूच्या डोग्रांकडे गेलं, तर हे गावही हिशेबात त्यांच्याकडे आलं, आणि विसाव्या शतकातसुद्धा काश्मीर दरबारचा माणूस तिबेटच्या पोटातल्या या गावात सारा गोळा करायला जायचा. आज ते मिनसर पुरंगमध्ये नाही, शेजारच्या गार काउंटीत आहे, तीर्थपुरीला जाणारे यात्रेकरू त्याच बाजूने जातात आणि आपण काउंटी बदलली हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही. तसंच दारचेनचं. परिक्रमेचं हे गाव आणि आसपासचे काही मठ १९५९ पर्यंत भूतानच्या अखत्यारीत होते, तेही लडाखच्याच एका राजाने भूतानच्या द्रुकपा लामांना दिल्यामुळे. म्हणजे कैलासाच्या पायथ्याशी भूतानचा अधिकारी, जवळच काश्मीरचं गाव, आणि सगळीकडे ल्हासाचा झोंगपोन. एकाच डोंगराच्या सावलीत तीन सरकारं, आणि तरी यात्रा चालू होती!

बारगाचंही सांगतो. आज टाऊनशिप असलेलं हे ठिकाण पूर्वी ल्हासा-गारतोक रस्त्यावरचं टप्प्याचं ठाणं होतं, जिथे घोडे आणि याक बदलले जायचे. सरकारी माणूस आला की जनावरं पुरवायची सक्ती गावकऱ्यांवर असायची, आणि ती फार जाचक होती, हेही सांगायलाच हवं, नाहीतर जुनं सगळं छानच होतं असं वाटत राहतं.

युद्धाचा इतिहास मी पटकन सांगतो. १८४१ साली डोग्रा सेनापती जोरावर सिंह थेट तकलाकोटपर्यंत पोचला आणि डिसेंबरात, त्या भयंकर थंडीत, जवळच तोयो इथे लढाईत मारला गेला. दुसऱ्याच वर्षी तह झाला. पुढे १९५४ च्या भारत-चीन करारात तकलाकोटचं नाव व्यापाराच्या ठिकाणांमध्ये होतं, यात्रेकरूंचीही सोय होती, १९६२ मध्ये ते सगळं बंद पडलं. यात्रा परत सुरू झाली १९८१ मध्ये आणि उत्तराखंडच्या सीमेवरच्या लिपुलेख खिंडीतून व्यापार १९९२ मध्ये. मधल्या काळात, १९७० च्या दशकात, न्गारीचा कारभार काही वर्षं शिनजियांगकडे होता, कारण न्गारीला जाणारा रस्ता ल्हासापेक्षा शिनजियांगच्या बाजूने जास्त वापरात होता. तो रस्ता म्हणजे २१९ नंबरचा हायवे, जो अक्साई चीनमधून जातो आणि आपल्याला वेगळ्या कारणाने माहीत आहे. तोच पुढे बारगा आणि होरमधून पूर्वेला मायुम खिंडीकडे जातो, आणि मायुम खिंड ओलांडली की न्गारी संपलं, शिगात्से सुरू.

आता एक गंमत बघा. पुरंग ८१ अंश पूर्व रेखांशावर आहे, म्हणजे आपल्या लखनौच्या सरळ वर. पण सगळ्या चीनमध्ये एकच वेळ, बीजिंगची. त्यामुळे लिपुलेखवर तुम्ही पाय पुढे टाकलात की घड्याळ अडीच तास पुढे. तकलाकोटमध्ये दुपारी सूर्य डोक्यावर येतो तेव्हा घड्याळात अडीच वाजून गेलेले असतात. सकाळी आठ वाजता तिथे उजाडलेलंही नसतं हिवाळ्यात. दोन हजार मैलांवरच्या राजधानीची वेळ मेंढपाळाच्या घरात येते ती अशी.

आता तुमच्यापैकी ज्यांना यात्रेला जायचंय त्यांच्यासाठी. आपण म्हणतो लिपुलेख रूट, नाथू ला रूट, नेपाळ रूट, पण खरंतर तुम्ही काउंट्या ओलांडत असता. लिपुलेखने गेलात तर उत्तराखंडच्या पिथौरागढ जिल्ह्यातून थेट पुरंगमध्ये, म्हणजे एकाच काउंटीत सगळी यात्रा. नेपाळगंज, सिमिकोट, हिलसा असं गेलात तरी पूल ओलांडला की पुरंगच, वाटेत खोजरनाथचा जुना मठ लागतो, तो चुकवू नका. पण नाथू ला घेतलात तर आधी यादोंग काउंटी, मग शिगात्सेच्याच बाकीच्या एकेक काउंट्या ओलांडत मायुम खिंडीपर्यंत, आणि काठमांडूहून केरुंगमार्गे गेलात तरी सागा, झोंगबा करत तेच. म्हणून लिपुलेखचा रूट पूर्वी चालायला अवघड असला तरी अंतराने जवळचा. कोविडनंतर बंद असलेली यात्रा २०२५ मध्ये सुरू झाली, तेव्हा लिपुलेखने ५० जणांच्या पाच तुकड्या आणि नाथू लाने दहा तुकड्या गेल्या. तकलाकोटला मुक्काम असतो, तो नुसता हवामानाची सवय व्हावी म्हणून खोलीत झोपून काढू नका, दम लागत नसेल तर हळूहळू नदीकडे चालत जा, जवाची शेतं बघा.

आणि हे सगळं सध्या भराभर बदलतंय. २०२० च्या शेवटी न्गारी मोठ्या वीज ग्रिडला जोडलं गेलं, २०२३ च्या डिसेंबरात पुरंगमध्ये ४२०० मीटरच्या वर विमानतळ सुरू झाला. सीमेलगत नवी पक्की गावं बांधण्याचा कार्यक्रम २०१७ पासून चालू आहे, अख्ख्या तिबेट प्रदेशात ६०० च्या वर गावं, आणि त्यात हेतू घरं देण्याचा आहे तसाच सीमेवर माणसं बसवण्याचाही आहे, हे उघड आहे. मेंढपाळ पक्क्या घरात आला की मुलांना शाळा जवळ पडते, दवाखाना मिळतो, पण कळप कोण बघणार, कुरणं कोण राखणार, हा प्रश्न राहतोच, आणि तो निर्णय त्या मेंढपाळाच्या हातात किती असतो याची मला खरंच काळजी वाटते. त्यात २०२६ हे तिबेटी पंचांगातलं घोड्याचं वर्ष, बारा वर्षांतून एकदा येणारं, त्या वर्षी कैलासाची एक परिक्रमा तेरा परिक्रमांएवढी मानतात. बारा हजार माणसांच्या काउंटीवर त्या गर्दीचं पाणी, कचरा, शौचालयं, सगळं येणार.

आणि लिपुलेखचा व्यापार. ऑगस्ट २०२५ मध्ये भारत आणि चीनने तो परत सुरू करायचं ठरवलं. नेपाळने लगेच आक्षेप घेतला, कारण लिपुलेखवर नेपाळही हक्क सांगतो, म्हणजे ही बाब तिन्ही देशांत अजून मिटलेली नाही. पण गुंजीच्या व्यापाऱ्यांना विचारा, त्यांच्या आजोबांची ओळखीची घरं तकलाकोटला होती, लोकर कुणाकडून घ्यायची, उधारी कुणाला द्यायची, हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं होतं. कोविडमध्ये बंद झाला तो फक्त माल नव्हता, ती येजा बंद झाली. ती परत सुरू व्हावी असं मला फार मनापासून वाटतं, यात्रेइतकंच. तुमच्यापैकी कुणी यात्रेला जाताना गुंजीला थांबलात तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना तकलाकोटच्या बाजाराबद्दल जरूर विचारा, आणि काय ऐकलंत ते आम्हाला पत्र लिहून कळवा. नमस्कार.