१९६७ची सर्वांत भारी गिटार-रेकॉर्ड कोणती?

नमस्कार श्रोतेहो.

कोल्हापुरात रंकाळ्याच्या कठड्यावर म्हणा, राजारामपुरीतल्या चहाच्या गाड्यावर म्हणा, गिटार वाजवणारी चार पोरं जमली की हा वाद कधी ना कधी निघतोच. १९६७ सालची सर्वांत भारी गिटार-रेकॉर्ड कोणाची? एक जण अमेरिकेच्या जिमी हेंड्रिक्सचं नाव घेतो, दुसरा ब्रिटनच्या एरिक क्लॅप्टनचं, आणि मग तासभर नुसता आवाज चढत जातो. मुद्दा जागचा हलत नाही, कारण नियमच ठरलेले नसतात. खासबागेत जोड बघून कुस्ती लावतात. इथं कोणीही कोणाच्याही अंगावर जातो. म्हणून आधी नियम, मग नावं.

पहिला प्रश्न सालाचा. हेंड्रिक्सची दुसरी रेकॉर्ड, ‘ॲक्सिस : बोल्ड ॲज लव्ह’, ब्रिटनमध्ये १ डिसेंबर १९६७ला आली आणि अमेरिकेत जानेवारी १९६८मध्ये. मग ती कुठल्या सालात धरायची? जगात जिथं पहिल्यांदा विकायला आली ती तारीख खरी, असं धरलं की भांडण मिटतं. पण मग एकाच माणसाच्या दोन रेकॉर्डी एकाच सालात येतात आणि त्याची मतं फुटतात. म्हणून दुसरी अट : एका वादकाची एकच रेकॉर्ड. ‘ॲक्सिस’ बाजूला ठेवताना जीवावर येतं, कारण ‘लिटल विंग’ तिच्यात आहे. अडीच मिनिटंसुद्धा न भरणारं गाणं, पण त्यातली कॉर्डला, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या जुडीला, धरून चाललेली स्वरांची कलाकुसर शिकायला वर्ष पुरत नाही. ते रेकॉर्डबरोबर वाजवून बघणाऱ्यांनी सहाही तारा अर्ध्या स्वरानं उतरवून घ्याव्यात. नाहीतर बोटं बरोबर पडूनही सगळं बेसूर लागतं आणि पोरं स्वतःलाच दोष देत बसतात.

आता आवृत्ती. इथं मोठमोठे जाणकारही घसरतात. हेंड्रिक्सची पहिली रेकॉर्ड, ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’, ब्रिटनमध्ये १२ मे १९६७ला आली, अमेरिकेत ऑगस्टमध्ये. गाणी दोन्हीकडं ११च, पण तीच नव्हेत. ब्रिटिश तबकडीवर ‘पर्पल हेझ’ नाही, ‘हे जो’ नाही, ‘द विंड क्राइज मेरी’ही नाही. ती तिथं सुटी, सिंगल म्हणून निघाली होती. अमेरिकेनं ती आत घेतली आणि ‘रेड हाउस’, ‘कॅन यू सी मी’, ‘रिमेंबर’ बाहेर काढली. आज मोबाइलवर सहसा १७ गाण्यांची आवृत्ती मिळते, म्हणजे दोन्हींची गोळाबेरीज आणि वर त्या सिंगल्सच्या मागच्या बाजूची तीन गाणी. तेव्हा वादाला बसण्याआधी मूळची यादी करून घ्या. हेंड्रिक्सच्या बाजूनं बोलणारा नेमका ‘पर्पल हेझ’वर जोर देतो, आणि तारखेच्या नियमानं जी तबकडी मैदानात आहे तिच्यावर ते गाणंच नाही! एवढ्यानं त्याची बाजू पडत नाही, पण त्याला दुसरं उदाहरण शोधावं लागतं.

ऐकण्याचीही एक अडचण सांगायला हवी. एका इअरफोनची एक बोंडी एकाच्या कानात, दुसरी दुसऱ्याच्या, असं बसून ही गाणी ऐकू नका. त्या काळच्या स्टिरिओ मिश्रणात गिटार बऱ्याचदा एकाच बाजूला टाकलेली असते. म्हणजे दोघांनी दोन वेगळ्याच रेकॉर्डी ऐकल्या आणि मग भांडण! फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये मोनो ऑडिओ असतं, ते चालू करा. दुसरं, आवाजाची पातळी. नव्यानं मास्टर केलेल्या आवृत्त्या जुन्यांपेक्षा मोठ्यानं वाजतात आणि जे मोठं ते कानाला चांगलं वाटतं. प्रत्येक रेकॉर्डचा जोराचा भाग लावून, एकाच जागी ठेवलेल्या आवाज मोजायच्या ॲपवर आकडा सारखा येईपर्यंत व्हॉल्यूम जुळवून घ्या. खटाटोप पाच मिनिटांचा आहे, पण एवढ्यानं निकाल फिरू शकतो.

आणि कसोटी कोणती? गिटार काढून टाकली तर रेकॉर्डचं काय उरतं, ही. जेवढं कमी उरेल तेवढी गिटार-रेकॉर्ड भारी.

या कसोटीवर हेंड्रिक्सची रेकॉर्ड जवळजवळ पुसलीच जाते. ‘फॉक्सी लेडी’ची सुरुवात ऐका. तारेवर दाबलेलं बोट नुसतं थरथरतंय, आणि ॲम्प्लिफायरच्या घुमण्यानं तो स्वर शून्यातून फुगत येतो. ‘थर्ड स्टोन फ्रॉम द सन’मधली धून सप्तकाच्या जोडीनं वाजते, म्हणजे एकच स्वर खालचा आणि वरचा एकदम. ही चाल जॅझवाल्या वेस माँटगोमेरीची ओळख. वाजवताना पहिलं बोट जाड तारेवर, करंगळी एक तार सोडून पुढच्या तारेवर, आणि मधली तार पहिल्याच बोटाच्या पोटानं हलकी दाबून मुकी करायची. ती मुकी झाली नाही की नको तो स्वर मध्ये वाजतो. नवशिक्याचं घोडं इथंच अडतं. शेवटच्या, रेकॉर्डच्याच नावाच्या गाण्यात गिटार उलटी ऐकू येते. टेप उलटी लावून वाजवलं आणि मग टेप सरळ केली. गिटारचा स्वर टोल्याला मोठा असतो आणि मग विरत जातो. उलटा केला की तो हळू उगवतो आणि टोल्यापाशी कापल्यासारखा तुटतो. हे सगळं चार ट्रॅकच्या यंत्रावर झालं, हे विसरू नका.

आणखी एक बारकावा. हेंड्रिक्स डावखुरा, उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरून तिच्या तारा पुन्हा आपल्या सोयीनं लावायचा. त्या गिटारचा ब्रिजजवळचा, म्हणजे तारा जिथं गिटारच्या पोटावर टेकतात तिथला, पिकअप (तारांचा आवाज ॲम्प्लिफायरसाठी टिपणारा भाग) तिरका बसवलेला असतो. गिटार उलटली की तो तिरकेपणाही उलटतो : जाड तारांना ब्रिजजवळची धार मिळते, पातळ तारांना गोलाई. सरळ स्ट्रॅटोकास्टर घेऊन त्याचा आवाज काढायला जाणारे नुसती नॉब पिळत बसतात, त्यांच्यासाठी हे सांगितलं.

दुसरा डावखुरा अल्बर्ट किंग. ‘बॉर्न अंडर अ बॅड साइन’, मेम्फिसची स्टॅक्स कंपनी, १९६७. १९६६-६७मध्ये रेकॉर्ड केलेल्या सिंगल्सची आणि इतर गाण्यांची ही मोट, साथीला स्टॅक्सचा बँड बुकर टी. अँड द एम. जी.ज आणि ब्रासचा ताफा. हाही गिटार उलटीच धरायचा, पण तारा न बदलता! म्हणजे पातळ तार वर, जाड तार खाली. त्यामुळं आपण तार वर ढकलतो तिथं तो ती खाली ओढायचा, आख्ख्या हाताचं वजन टाकून. पिक, म्हणजे तारा छेडायची पट्टी, नाही, उघडा अंगठा. गाताना गिटार गप्प. ओळ संपली की गिटारचं उत्तर. अल्लादियाखाँसाहेबांनी ज्या दरबारात गायलं त्या गावच्या माणसाला ही मींड समजावून सांगायला नको, कान आपोआप तिकडं जातो.

नक्कल करायची तर असं करा. दुसऱ्या तारेवर आठवा पडदा दाबून तार चढवायची आहे. आधी अकरावा पडदा सरळ वाजवा आणि तो स्वर कानात बसवा. मग आठव्यावर येऊन तिथपर्यंत चढवा, तीन बोटं एकामागं एक लावून, जोर मनगटाच्या फिरकीतून काढून. एकट्या बोटानं तार दहाव्याच्या जरा पुढं जाऊन अडकते. तो स्वर ना इकडचा ना तिकडचा. त्यातही तारांचा जाड सेट असेल तर गिटार अर्धा स्वर उतरवून घ्या, बोटं वाचतील.

आता ज्या रेकॉर्डचं नाव या वादात कोणी काढतच नाही, ती. ‘कॉल ऑफ द व्हॅली’, एच. एम. व्ही., १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी, हे सगळ्यांना पाठ. पण तिसरा वादक ब्रिजभूषण काब्रा, आणि त्यांच्या मांडीवर गिटार! तबल्याला माणिकराव पोपटकर, निर्माते आपले भावगीतगायक जी. एन. जोशी. काश्मिरातल्या मेंढपाळाचा एक दिवस, पहाटेच्या भैरवाच्या प्रकारांपासून पिलू, भूप, देस करत पहाडीपर्यंत. मूळ तबकडीवर रचना पाचच. नंतरच्या आवृत्तीत तीन वाढवल्या आहेत, त्या वादात धरू नका.

काब्रा अली अकबर खाँसाहेबांचे शिष्य. गिटार आडवी, तारा पडद्यांपासून उचललेल्या, डाव्या हातात पोलादी कांडी. कांडी पडद्याच्या पट्टीच्या अगदी बरोबर वर यावी लागते; बोटासारखी पडद्याच्या मागं ठेवली की स्वर उतरलेला लागतो, कारण इथं स्वर पडदा ठरवत नाही, कांडी ठरवते. आणि कांडीमागच्या तारा डाव्या हाताच्या बोटांनी दाबल्या नाहीत तर खरखर येते.

ही रेकॉर्ड संतूर-बासरीच्या कप्प्यात टाकून मोकळं होणं चुकीचं आहे. संतूरचा स्वर काठीच्या ठोक्याचा. सतारीसारखी ओढून मींड घेण्याची सोय त्यात नाही. बासरीत मींड आहे, पण श्वासाची. तारेवरची, मंद्रातून वर चढणारी मींड फक्त गिटारकडं आहे. ती काढा, रेकॉर्ड उरेल, पण पोकळ वाजेल.

बाकीची नावं भराभर. वेल्व्हेट अंडरग्राउंड या अमेरिकन बँडच्या मार्च १९६७च्या रेकॉर्डमध्ये लू रीडनं काही ठिकाणी गिटारच्या सगळ्या तारा एकाच स्वरात लावल्या. तानपुऱ्याच्या सवयीच्या कानाला ती जुळणी लगेच पटते. जॉन मेयॉलच्या ‘अ हार्ड रोड’मध्ये पीटर ग्रीनचं ‘द सुपरनॅचरल’ लांब धरलेल्या स्वरांसाठी ऐकाच. पण एकेका गाण्यावर आख्खी रेकॉर्ड निवडून येत नाही.

राहिला क्लॅप्टन. त्याच्या क्रीम या बँडची ‘डिझराएली गिअर्स’, मे महिन्यात न्यूयॉर्कला रेकॉर्ड झालेली, नोव्हेंबरात बाजारात. ‘सनशाइन ऑफ युवर लव्ह’मधल्या त्या गुबगुबीत आवाजाची कृती सोपी : गळ्याकडचा पिकअप, गिटारचा टोन जवळजवळ शून्य, व्हॉल्यूम पूर्ण, ॲम्प्लिफायर दणकून. घरच्या छोट्या ॲम्पवर हळू आवाजात हे केलं तर नुसता घोगरा, कोंदट आवाज येतो, कारण टोननं कापलेली धार फुटायला आलेला ॲम्प्लिफायरच परत भरून काढत असतो. पण पहिलंच गाणं, ‘स्ट्रेंज ब्रू’, लावा. त्यातला सोलो सरळसरळ अल्बर्ट किंगच्या वळणाचा आहे. मूळ माणूस त्याच सालच्या मैदानात उभा असताना त्याच्या वळणाला वरचा नंबर कसा द्यायचा?

तेव्हा आमचा क्रम असा. पहिली ‘आर यू एक्सपिरियन्स्ड’, ब्रिटिश तबकडी. दुसरी अल्बर्ट किंगची, थोडक्या फरकानं. त्याची गाणी गिटारशिवायही तग धरतात, एवढाच तो फरक. तिसरी ‘कॉल ऑफ द व्हॅली’, चौथी ‘डिझराएली गिअर्स’. क्लॅप्टनवाल्यांना चौथा नंबर मान्य नसेल तर त्यांनी ‘टेल्स ऑफ ब्रेव्ह युलिसिस’मधला वा-वा, म्हणजे पायाच्या पेडलनं ‘वा-वा’ बोलणारा गिटारचा आवाज, पुढं करावा. तेवढ्या एका गाण्यावर त्यांचं म्हणणं ऐकून घ्यायला आम्ही तयार आहोत. नमस्कार.