ते पोचे नव्हेत
(परदेशातील नाशिककरांच्या मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

मंडळी, नमस्कार.

मघाशी बाहेरच्या टेबलावर आपण घरोघरची जुनी भांडी मांडली होती. तिथे एका मुलीनं तांब्याच्या घंगाळावर बोट ठेवून आईला विचारलं, "याला एवढे पोचे कोणी पाडले?" आई म्हणाली, "जुनं आहे ना बाळा, म्हणून." पोरीचा प्रश्न चोख होता, उत्तर चुकलं. आणि भोवती उभ्या असलेल्या इतक्या नाशिककरांपैकी एकानंही ते दुरुस्त केलं नाही. म्हणून ठरलेला विषय बाजूला ठेवून मी त्या पोच्यांबद्दलच बोलणार आहे.

ते ठोके आहेत. आपल्या नाशिकच्या तांबट आळीतला सकाळपासूनचा तो आवाज आठवतो ना, तोच तिथे उमटलेला आहे. तांब्याचा पत्रा लाल होईतो तापवला की मऊ पडतो आणि ठोकत गेलं की कडक होत जातो. तांबट भांड्याला आकार देतो तेव्हा पत्रा मधूनमधून परत भट्टीत घालतो, कारण कडक झालेल्या पत्र्यावर नेटानं ठोकत राहिलं तर काठाला चीर जाते. आकार पुरा झाला की शेवटची फेरी मठाराची. बुडाच्या मध्यापासून गोल गोल वर यायचं, आणि प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्यावर थोडा चढवायचा. यानंतर भांडं तापवत नाहीत, म्हणून तो कडकपणा कायम राहतो. पातळ पत्र्याचा हंडा पाण्यानं भरून कमरेवर घेतला तरी चेपत नाही, तो या ठोक्यांमुळे. ती मुलगी ज्याला मोडतोड समजली, तेच त्या घंगाळाचं बळ आहे.

आता घरी गेल्यावर एक करा. भांड्याच्या आतून हात फिरवा. हातानं घडवलेलं भांडं आत लोखंडी खुंट देऊन बाहेरून ठोकलेलं असतं, त्यामुळे बाहेर लहान लहान चपटे पैलू आणि आत बऱ्यापैकी गुळगुळीत. साच्यात दाबून नक्षीसारखे 'ठोके' उठवलेलं असेल तर बहुधा आतल्या बाजूला उंचवटे लागतात, आणि सगळे ठोके एका मापाचे असतात. हाताचा ठोका कधी एका मापाचा नसतो. मग जुन्या हंड्याच्या आत उजेड पाडून बघा. तांब्याच्या लालीत दातऱ्या काढलेली एक पिवळी रेघ दिसेल. तो डाग, म्हणजे वितळवलेल्या धातूनं घातलेला सांधा. दोन पत्र्यांच्या कडांना दाते पाडून ते एकमेकांत बसवायचे आणि टाकणखार घालून पितळेच्या डागानं जोडायचे. तांब्याआधी हे पितळ वितळतं, म्हणूनच हा जोड जमतो. कडा सरळ ठेवून जोडल्या असत्या तर जोड धरायला जागा कमी मिळाली असती आणि तो लवकर उकलला असता. आणि काठाजवळ टिंबाटिंबांनी घातलेलं नाव तर आपण वाचतो, पण त्याखालची तारीख आणि गाव वाचत नाही. तेही वाचा, मुलांकडून वाचून घ्या.

बायकांनो आणि आता स्वयंपाकघरात शिरलेल्या पुरुषांनो, कल्हईबद्दल, म्हणजे भांड्याला आतून देतात त्या कथलाच्या मुलाम्याबद्दल, जरा रागानं बोलतो. आपण पितळेची पातेली इथवर आणली, त्यांत मनीप्लांट लावला, नाहीतर कल्हई उडालेल्या पातेल्यात हौसेनं आमटी केली. उघड्या पितळेत ताक कळकतं हे आपल्या आज्यांना सांगावं लागत नव्हतं. चिंच, कोकम, टोमॅटो, दही, लिंबू, यांतलं काहीही उघड्या तांब्या-पितळेला लागू द्यायचं नाही. तांब्याच्या तांब्यात रात्रभर पाणी ठेवा, सरबत नको.

कल्हईवाला काय करायचा? आधी भांडं वाळूनं, तेजाबानं स्वच्छ. तेलकटपणा राहिला तर तेवढ्या जागी कल्हई धरत नाही, काळा डाग राहतो. मग भाता मारून भांडं तापवायचं, नवसागराची पूड टाकायची, पांढरा धूर उठतो, आणि लगेच कथलाची कांडी टेकवून कापसाच्या बोळ्यानं सपासप फिरवायचं. ताव कमी पडला की कथील पसरत नाही, गुठळ्या होतात. जास्त झाला की जळून पिवळं पडतं. खरं कौशल्य त्या चार-दोन क्षणांत आहे. कथलात शिसं मिसळलेलं असेल तर ते पोटात जातं, म्हणून कल्हईवाल्याकडून कांडी मागून घ्या आणि कानाशी धरून वाकवा. शुद्ध कथील वाकताना करकरतं. मुलांना हे नक्की ऐकवा, धातू रडतो यावर त्यांचा विश्वास बसत नाही.

कथील 232 अंश सेल्सिअसला वितळतं. म्हणून कल्हईचं भांडं रिकामं तापवायचं नाही आणि त्यात तळण करायचं नाही. आत लाकडी डाव, तारेची घासणी बंद. डिशवॉशरमध्ये घालू नका. इथल्या साध्या इंडक्शनवर तांबं-पितळ तापतच नाही, त्यात भांड्याचा दोष नाही, गॅस असेल तर त्यावरच वापरा. चिंचेनं किंवा लिंबू-मिठानं बाहेरून घासलं की लगेच धुऊन कोरडं पुसा, आंबट जास्त वेळ राहिलं तर पितळेवरची गुलाबी झाक जाता जात नाही. आणि चकाकणारं नवं शोभेचं पितळ पाहिलंत तर त्यावर रोगण असतं, त्यात खायचं-प्यायचं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं कशाला? स्टील आहे, नॉनस्टिक आहे. वापरा की. पण नाशिकला गेल्यावर आपण मिसळ खातो, चिवडा बांधून घेतो, पूर असेल तर गोदावरीतला दुतोंड्या मारुती कुठवर बुडालाय ते फोटोत बघतो. वसईच्या विजयानंतर आलेली नारोशंकराच्या देवळाची घंटा किती जणांनी खाली उभं राहून नीट पाहिली आहे? भांडी बाजारातून किलोच्या भावानं तांब्या आणतो आणि हलकासा बघून घेतो, कारण बॅगेत वजन नको. पातळ पत्रा, कमी ठोके. दुकानदारही मग तसलेच ठेवतो. मागणी आपली आहे मंडळी, तक्रारही आपलीच.

सुट्टीत जाल तेव्हा एक तरी भांडं कल्हईला घेऊन जा आणि मुलांना भट्टीपाशी उभं करा. भाव करू नका. काम संपल्यावर त्या माणसाला विचारा, तुझ्याकडे शिकायला कोणी आहे का. बहुतेकांचं उत्तर काय येईल याची मला कल्पना आहे. 2027 च्या सिंहस्थासाठी रस्ते, घाट सगळं होईल. बुडापासून काठापर्यंत मठार मारणारा हात त्यानंतर किती वर्षं मिळेल, आणि आपण परदेशात बसून त्यासाठी हलकी भांडी न घेण्यापलीकडे काय करू शकतो, हे मला अजून सुचलेलं नाही. कोणाला सुचलं असेल तर जेवणानंतर त्या घंगाळापाशी या, आपण बोलू.