रक्ताला परका धागा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्या लहानपणी आमचं घर यंत्रमागाच्या शेडला लागूनच होतं. भिंतीला पाठ टेकली तरी खटखट अंगात शिरायची. एका दुपारी मागातला आडवा धागा नेणारा धोटा उडाला आणि वडिलांच्या तळहातावर बसला. रक्त कोपरापर्यंत ओघळलं. मी रडायला लागलो. वडील म्हणाले, "रडतोस काय, सूत दे आधी!" मी मूठभर पांढरं सूत दिलं. त्यांनी बोळा करून जखमेवर दाबला, वर रुमाल आवळला. थोड्या वेळानं रक्त थांबलं. रात्री आई कोमट पाण्यानं बोळा सोडवायला बसली, तर सूत आणि रक्त एकजीव झालेलं. एकेक धागा भिजवून काढला तिनं. शेवटचा निघाला आणि पुन्हा थेंब आला. सूत अस्सल कापसाचं होतं हो.

मी आईला विचारलं, "रक्ताला कसं कळलं, आता गोठायचं?" उत्तर मला पुढे रसायनशास्त्र शिकताना मिळालं. परकी वस्तू दिसली की रक्तातली प्रथिनं काही सेकंदांत तिला चिकटतात. त्यांच्यावर प्लेटलेट बसतात, डेंग्यूत कमी होतात त्याच. मग गुठळी. लक्षात ठेवा, आधी प्रथिनं, मग प्लेटलेट, मग गुठळी.

जखमेवर हे वरदान, रक्तवाहिनीत मात्र जिवावरचं संकट. पॉलिलॅक्टिक आम्ल नावाचं एक प्लास्टिक शरीरात हळूहळू विरघळतं. दह्याला आंबट करणारं आम्लच त्याच्या मुळाशी असतं. त्यापासून केलेल्या एका स्टेंटला, म्हणजे रक्तवाहिनी उघडी ठेवणाऱ्या बारीक जाळीदार नळीला, अमेरिकेत २०१६ साली मान्यता मिळाली. पण धातूच्या स्टेंटपेक्षा तिच्यात गुठळ्या जास्त होत होत्या. २०१७ मध्ये तिची विक्री थांबली.

उपाय काय? पृष्ठभागावर पॉलिइथिलीन ग्लायकॉलचे केसासारखे रेणू उभे करायचे. ते पाणी धरून ठेवतात, प्रथिनांना बसायला फारशी जागा देत नाहीत. किंवा रक्त गोठू न देणारं हेपॅरिन तिथे बांधून टाकायचं. प्रथिनंच बसली नाहीत तर पुढचं सगळं टळतं.

पण हे प्लास्टिक झिजणारं आहे, वरचा थर जाणारच. वरून छापलेल्या चादरीची नक्षी धुऊन धुऊन जाते. आपण सोलापूरच्या चादरीचं आधी सूत रंगवतो, मग विणतो, म्हणून चादर विरली तरी रंग धाग्यात असतो. तसंच ग्लायकॉल प्लास्टिकच्या साखळीतच गुंफायचं, म्हणजे झिजून उघडा पडलेला नवा थरही रक्ताला तितका परका वाटत नाही.

नमस्कार.