दुकानाचं दार, शाळेचं फाटक

[बेळगाव–वेंगुर्ला रस्ता. शिनोळी.]

शिनोळी महाराष्ट्रात, चंदगड तालुक्यात. इथून बेळगाव शहर हाकेच्या अंतरावर, पण कर्नाटकात. बोली एक, बाजार एक, सोयरिक दोन्हीकडे. गावात दारूचं दुकान नको असेल तर ते सांगायची वाट मात्र अलीकडे वेगळी, पलीकडे वेगळी.

महाराष्ट्राच्या बाजूला मतदान घेता येतं. 2008 च्या आदेशानुसार किमान 25 टक्के महिला मतदारांनी किंवा एकूण मतदारांनी सहीनिशी मागणी केली, की सह्यांची पडताळणी होते आणि गुप्त मतदान लागतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. आडवी बाटली जिंकायला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतल्या मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. घात होतो तो इथंच. यादीत राहिलेली मयतांची नावं, लग्न होऊन गेलेल्या मुली, मुंबई-पुण्याला कामाला असलेले, हे सगळे न येताच दुकानाच्या पारड्यात पडतात. सह्या गोळा करायच्या आधी मतदार यादी दुरुस्त करून घ्यावी ती यासाठी.

[खानापूर तालुका. रस्त्याकडेचा गाळा, नवं शटर.]

कर्नाटकच्या बाजूला, म्हणजे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडे बाटलीचं मतदान नाही. इथं लोकांच्या हातात मुख्य आधार आहे तो अंतराचा: कर्नाटक अबकारी परवाने (सर्वसाधारण अटी) नियम, 1967, त्यातला नियम 5. देऊळ-मशीद-चर्च, शाळा, दवाखाना, सरकारी कचेरी किंवा स्थानिक संस्थेचं कार्यालय यांच्यापासून 100 मीटरच्या आत दुकानाला परवाना देता येत नाही. म्हणजे ग्रामपंचायतीची कचेरीसुद्धा या यादीत आली, आणि हे पुष्कळ सदस्यांच्या ध्यानातच नसतं. अनुसूचित जाती-जमातींची प्रामुख्यानं वस्ती असलेल्या भागातही परवाना नाही. राज्य किंवा राष्ट्रीय महामार्गासाठी रस्त्याच्या मध्यापासून 220 मीटर. महामार्गाच्या अंतरावर 2016 नंतर सर्वोच्च न्यायालयाचे एकामागून एक आदेश आले आणि शहरहद्दीला सवलत मिळाली. त्यामुळे जागा पंचायत हद्दीत आहे की नगरपालिकेच्या, ते आधी बघावं.

[जमिनीवर टेप. कॅमेरा जवळ.]

आता मोजणी. तक्रारी टिकत नाहीत त्या बहुतेक इथंच. मोबाइलच्या नकाशावर सरळ रेघ मारून ‘ऐंशी मीटर’ लिहिलं, तर ती तक्रार पहिल्याच फेरीत पडते. दुकानाच्या दाराच्या मध्यापासून, माणूस नेहमी चालतो त्या सर्वांत जवळच्या वाटेनं, संस्थेच्या सर्वांत जवळच्या फाटकाच्या मध्यापर्यंत मोजायचं. कंपाउंड नसेल तर इमारतीच्या जवळच्या दारापर्यंत. शाळेचं मागचं फाटक मुलं रोज वापरत असतील तर अंतर तिथपर्यंतचं. अबकारी निरीक्षकाच्या नकाशात ही मागची वाट आलीच नाही, तर कागदावर अंतर आपोआप वाढतं. कधी दुकानवाला रस्त्याकडचं दार बंद करून बोळात दार काढतो. तेवढ्यानंही 95 चे 110 होतात. म्हणून टेप धरताना पंचायत सदस्य आणि मुख्याध्यापक हजर ठेवावेत, दोन्ही टोकांचे तारीखवार फोटो काढावेत आणि शाळेच्या स्थापनेच्या वर्षाचा दाखला जोडावा. शाळा आधीची की दुकान आधीचं, हा प्रश्न हटकून निघतो.

आणि वेळ. बऱ्याचदा गावात येतं ते दुसरीकडून हलवलेलं दुकान, जुन्याच परवान्यावर. स्थळपाहणीचा अहवाल वर जायच्या आत हरकत पोचली तर तिला वजन असतं. शटर उघडल्यावर अपिलाची पायरी चढावी लागते. अबकारी वर्ष 1 जुलैला सुरू होतं. नूतनीकरणाला हरकत घ्यायची तर जूनच्या आधी.

[उसाचा बांध.]

सीएल-2 म्हणजे बाटली विकत घेऊन जायचं दुकान. तिथं बसून पिता येत नाही. मग पिणं होतं शेजारच्या बांधावर. 90 मिलीचे टेट्रा पॅक, प्लॅस्टिकचे ग्लास, चकण्याच्या पुड्या, फुटक्या बाटल्या. भांगलणीला बसलेल्या बाईचा हात मातीतल्या काचेनं कापतो, आणि याची नोंद कुठल्याच अहवालात होत नाही. ती व्हायला हवी. उघड्यावर पिणं आणि हॉटेल-किराणा दुकानात पिऊ देणं हा कर्नाटक अबकारी कायद्याच्या कलम 15अ खाली येणारा गुन्हा आहे. फक्त ‘त्रास होतो’ असं न लिहिता तारीख, वेळ आणि जागा लिहून तक्रार द्यावी. सार्वजनिक शांतता बिघडायची भीती असेल तर कलम 21 खाली दुकान तात्पुरतं बंद ठेवायचा आदेश निघू शकतो. गणेश विसर्जनाला असे आदेश निघतात ते लोकांच्या माहितीचे आहेत.

अर्जाच्या भाषेकडेही लक्ष हवं. सह्यांच्या प्रत्येक पानावर विषय मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही लिहावा. नाहीतर ‘कशावर सही केली ते माहीत नव्हतं’ असं पुढं कुणाकडून तरी वदवून घेतलं जातं. स्थळपाहणीचा नकाशा माहिती अधिकारात मिळतो. शुल्क 10 रुपये, अर्ज कन्नड, इंग्रजी किंवा हिंदीत, एकच विषय आणि 150 शब्दांच्या आत. उत्तराची मुदत 30 दिवस. नकाशा हातात आला की आधी त्यात शाळेचं मागचं फाटक दाखवलंय का ते पाहावं.