टायटल म्हणजे पुकारा

मागे ऐकू येतंय ना? बरं. मला माईकची सवय नाही, मी अठ्ठावीस वर्षं तालुका कोर्टात स्टेनो होतो, तिथे आपण बोलायचं नसतं, बाकीचे बोलतात ते उतरवून घ्यायचं असतं. त्यामुळे आज मी बोलतोय आणि समोर हे पोरगं मोबाईलवर रेकॉर्ड करतंय, हे जरा उलटंच झालंय.

विषय मी सांगितला तेव्हा वाचनालयाच्या सेक्रेटरींनी दोनदा विचारलं, पेरी मेसन की नुसतं पेरी मेसनचं टायटल? नुसतं टायटल, म्हणजे टीव्ही मालिकेच्या सुरुवातीला धून वाजते आणि नावं येतात तेवढंच. दीडेक मिनिटाचा सुद्धा ऐवज नाही आणि त्यावर मी पाऊण तास मागितला. पेरी मेसन, म्हणजे अर्ल स्टॅन्ली गार्डनरच्या रहस्यकथांमधला वकील, तुमच्यापैकी निम्म्यांनी पुस्तकांतून वाचलाय, सर्क्युलेटिंग लायब्ररीतली ती पानं सुटलेली पेपरबॅक, शेवटचं पान आधीच कोणीतरी फाडून नेलेलं. मी पण तसाच वाचला. मालिका मात्र रिटायर झाल्यावर बघितली, मुलीने डीव्हीडी पाठवल्या म्हणून. अमेरिकेतल्या सीबीएस चॅनेलवर २१ सप्टेंबर १९५७ला सुरू झाली, मे १९६६ला संपली, नऊ सीझन, २७१ भाग, एक सोडून सगळे ब्लॅक अँड व्हाईट. पहिल्या सीझनलाच ३९ भाग होते, तासातासाचे, म्हणजे आपल्या डेली सोपवाल्यांनी फार कॉलर ताठ करायचं कारण नाही.

आता टायटल. कोर्टाची खोली, वर न्यायाधीश, समोर मेसन म्हणजे रेमंड बर उभा, हातात एक कागद. तो कागद वाचतो आणि ओठाच्या कोपऱ्यात इतकंसं हसतो. झालं. पुढे ते टायटल त्यांनी वेळोवेळी बदललं, परत शूट केलं, पण माझ्या डोक्यात बसलंय ते हे कागदवालं. मी आयुष्यभर कोर्टात कागद हातात घेणारी माणसं बघितली आहेत, वकील कागद बघून हसला की समजायचं समोरच्याची काहीतरी चूक सापडली, तारीख चुकली असेल, सही राहिली असेल, काहीही. म्हणजे खून व्हायचाय, आरोपी पकडायचाय, साक्षीदार अजून घरी जेवतोय, आणि हा गडी जणू निकाल बघून हसतोय! आणि गंमत म्हणजे आपल्याला त्याचं काही वाटत नाही, कारण मेसन हरत नाही हे आपल्याला माहितीच असतं. १९६३चा एक भाग आहे त्यात सुरुवातच अशी की मेसनच्या अशिलाला दोषी ठरवलंय, लोक हादरले म्हणे, पण तिथेही शेवटी ती बाई सुटतेच.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोर्टाच्या मालिकेचं टायटल हा पुकारा असतो. तुम्ही कोर्टात कधी गेला असाल, जाऊ नये पण गेला असाल, तर शिपाई दारात येऊन नाव पुकारतो, आणि व्हरांड्यात चहा पिणारा, बिडी ओढणारा, डुलक्या काढणारा, सगळे एकदम ताठ होतात. केस अजून सुरू नाही झालेली, पण आता आपण आत आहोत. त्या काळी टीव्ही एका खोलीत, आई स्वयंपाकघरात, तेव्हा ती धून वाजली की घरभर पुकारा व्हायचा. आता स्किप इंट्रोचं बटण आलंय, म्हणजे पुकाऱ्याशिवाय डायरेक्ट उलटतपासणी. असो, तो माझा वयाचा भाग झाला.

धूनेवर जरा थांबतो कारण खरी करामत तिथे आहे. फ्रेड स्टायनर म्हणून संगीतकार, नाव दिलं 'पार्क अव्हेन्यू बीट'. आता पार्क अव्हेन्यू न्यूयॉर्कमधला श्रीमंतांचा रस्ता आणि मेसनचं ऑफिस लॉस एंजेलिसमध्ये, पण त्याला रस्ता नको होता, त्याला थाट हवा होता. त्याच्या डोक्यात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मेसन, चांगले कपडे, चांगल्या हॉटेलात जेवणारा, त्यासाठी मोठा ऑर्केस्ट्रा, सिंफनीसारखा. दुसरी म्हणजे ज्या दुनियेतून त्याचे अशील येतात ती, रात्रीची, ब्लॅकमेलची, मागच्या दाराची, आणि तिच्यासाठी त्याने त्या वेळचं ऱ्हिदम अँड ब्लूज नावाचं ठेक्याचं संगीत घेतलं. ऐकताना लक्ष द्या, खालचा ठेका जड पावलांनी चालतो, जिन्यावरून कोणीतरी येतंय असा, आणि वरची पितळी वाद्यं छाती काढून उभी असतात. वरचं न्यायासन आणि खालचा आरोपीचा पिंजरा एकाच वेळी वाजतात. शब्द एक नाही. आपल्याकडे असतं तर शीर्षकगीत केलं असतं, सत्य, न्याय, अंधार, प्रकाश, सगळं यमकात, आणि कोरस! १९८५पासून बर म्हातारपणी परत मेसन झाला, टीव्ही सिनेमे आले, तेव्हाही ही धून घ्यावीच लागली. मधे १९७३ला दुसऱ्याच नटाला मेसन करून मालिका काढली होती, ती पंधरा भागांत गुंडाळली.

(मधे एकाने विचारलं की बाकीच्या कोर्टवाल्या मालिकांचं काय.) सांगतो, पण पटकन. 'एल. ए. लॉ' १९८६ची, तिच्यात कोर्ट दिसायच्या आधी जॅग्वार गाडीची डिकी धाडकन बंद होते आणि नंबर प्लेट दिसते, प्लेटवर मालिकेचंच नाव. त्या प्लेटवरचा रजिस्ट्रेशनचा स्टिकर दर सीझनला त्या त्या वर्षाचा लावायचे, बघा, कागदपत्रं अपटुडेट. आणि भाग हलकाफुलका असला तर डिकी बंद होताना सॅक्सोफोन, गंभीर असला तर सिंथेसायझरचा काळाकुट्ट सूर, म्हणजे आज रुमाल जवळ ठेवायचा की नाही ते डिकीच सांगायची. इंग्लंडात 'रम्पोल ऑफ द बेली', १९७८पासून, तिथे टायटलला व्यंगचित्रं आणि बसून नावाचं जाड्या आवाजाचं फुंकवाद्य, नाव बसून असलं तरी उभं राहूनही वाजवतात. ढेरपोट्या, कवितेच्या ओळी फेकणाऱ्या, बायकोला टरकून असणाऱ्या वकिलाला तेच शोभतं. मेसनला बसून लावला असता तर पहिल्याच आठवड्यात केस डिसमिस.

परत मेसनकडे, कारण पुकारा म्हटलं की नावं आली. रेमंड बर. मग बार्बरा हेल म्हणजे सेक्रेटरी डेला स्ट्रीट, विल्यम हॉपर म्हणजे डिटेक्टिव्ह पॉल ड्रेक, विल्यम टॅलमन म्हणजे सरकारी वकील हॅमिल्टन बर्गर, आणि शेवटी रे कॉलिन्स म्हणजे लेफ्टनंट ट्रॅग. बर मुळात सरकारी वकिलाच्या रोलसाठी टेस्ट द्यायला आला होता आणि हॉपरने मेसनसाठी टेस्ट दिली होती, म्हणजे बोर्डावर नावं लागायच्या आधीच अदलाबदल झाली. पण मला त्यात नाही, हजेरीत इंटरेस्ट आहे.

टॅलमनचं बघा. मार्च १९६०ला एका पार्टीवर पोलिसांची धाड पडली, हा तिथे होता, चॅनेलने कॉन्ट्रॅक्टमधल्या वर्तणुकीच्या कलमावर बोट ठेवून त्याला काढला. जूनमध्ये न्यायाधीशांनी आरोप फेटाळले. खऱ्या कोर्टात हा सुटला, आणि खोट्या कोर्टातली नोकरी तरी परत मिळेना! रेमंड बर त्याच्या बाजूने उभा राहिला, प्रोड्यूसरबाई उभ्या राहिल्या, प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडला, तेव्हा कुठे डिसेंबरात घेतला. दर आठवड्याला ज्याने हरायचं त्या सरकारी वकिलासाठी लोक पत्रं लिहितात, ही मला फार गोड गोष्ट वाटते. आमच्याकडे सरकारी वकिलाची बदली झाली तर पेढे वाटायचे.

मग १९६३. बरचं ऑपरेशन झालं, मेसन कोर्टात येऊ शकत नाही. टायटलला पुकारा पेरी मेसनचाच, पण कोर्टात उभं कोण, तर एका भागात चक्क हॉलिवूडची मोठी नटी बेट डेव्हिस! असे चार भाग झाले, चार वेगळे पाहुणे वकील, आणि बर आपला हॉस्पिटलच्या खाटेवरून फोनवर थोडंसं बोलतो. हे मला इतकं ओळखीचं वाटलं म्हणून सांगू, साहेब, सिनियर आजारी आहेत, ज्युनियर हजर आहे. फक्त आमच्याकडे ज्युनियर पुढची तारीख मागतो, बेट डेव्हिस केस जिंकून देते.

आणि रे कॉलिन्स. हा जुना नट, जन्म १८८९चा, ऑर्सन वेल्सच्या 'सिटिझन केन' सिनेमात काम केलेला. ट्रॅग म्हणजे आरोपीच्या दारात हॅट घालून नको त्या वेळेला उगवणारा, आणि फार अदबीने बोलणारा पोलिस. तब्येत ढासळत गेली, पाठांतर जमेना, १९६४च्या सुरुवातीनंतर तो पडद्यावर दिसलाच नाही. तो परत येणार नाही हे सेटवर सगळ्यांना कळत होतं. पण मालिकेच्या प्रोड्यूसर गेल पॅट्रिक जॅक्सन, पूर्वीच्या नटी, त्यांना माहीत होतं की कॉलिन्स दर आठवड्याला घरी बसून मालिका बघतो. तर त्यांनी नाव काढलंच नाही. मे १९६५पर्यंत, म्हणजे तो अख्खा सीझन, टायटलला रे कॉलिन्स. माणूस गैरहजर, पुकारा चालू, आणि ज्याच्या नावाचा पुकारा तो खुर्चीत बसून ऐकतोय. जुलैमध्ये तो गेला. मी हे वाचलं त्या दिवशी टायटल परत लावलं, त्याच्या नावावर पॉज केलं आणि बायकोने विचारलं टीव्ही बंद पडला का.

शेवटचा भाग २२ मे १९६६ला लागला. टीव्हीच्या स्टुडिओतच खून होतो अशी गोष्ट. त्यात न्यायाधीश म्हणून खुर्चीवर कोण बसलंय, तर स्वतः लेखक अर्ल स्टॅन्ली गार्डनर, जो मुळात वकीलच होता. आणि स्टुडिओतली जी किरकोळ माणसं दिसतात त्यांत बरीच त्याच मालिकेची पडद्यामागची मंडळी, ज्यांच्या नावांकडे नऊ वर्षं कोणी ढुंकून बघितलं नव्हतं, ती एकदाची जातीने हजर.

बरं, पंखा बंद करा जरा, आवाज येतो त्याचा. लाइट पण. पहिल्या सीझनचं लावतोय, कागदाकडे बघा.