पिसं झडताना

[पहाट. खुराड्याचं दार उघडतं.]

दार उघडलं की बाकीच्या भराभर बाहेर पडतात. तांबडी सगळ्यांत शेवटी येते आणि उंबऱ्यातच थांबते. अंगणभर तिचीच पिसं पडलीत. मान उघडी, शेपूट जवळजवळ नाहीच.

पाहणारा म्हणतो, पिसं झडतायत, बसायचीच अशी. बहुतेक वेळा ते खरंही असतं. दिवस लहान होऊ लागला, उजेड कमी पडू लागला, की कोंबडी अंडी बंद करते आणि जुनी पिसं उतरवायला घेते. आधी डोकं आणि मान, मग छाती, पाठ, पंख, शेवटी शेपूट. पहिली मोठी झड साधारण दीड वर्षाची असताना, पुढे दर वर्षी. ८ ते १२ आठवडे चालते, एखादीला त्याहून जास्त लागतात.

[अगदी जवळून: मान.]

इथे जरा थांबूया. मानेवर हे काटे आलेत ना, ती नवी पिसं. प्रत्येकावर मेणचट पांढरं वेष्टण आहे आणि बुडाशी निळसर-जांभळी झाक. ते रक्त. वाढत्या पिसात रक्त खेळत असतं. काटा मोडला तर वाहायला लागतं, नुसता दाबला तरी दुखतं. म्हणून या दिवसांत कोंबडीला हौसेने कुशीत घेऊ नये. उचलायचीच वेळ आली तर संध्याकाळी, खालून दोन्ही हातांनी, हलकेच. वाढ पुरी झाली की रक्त मागे सरतं, वेष्टण वाळतं. मग कोंबडी ते चोचीने सोलते, पांढरा कोंडा गळतो आणि आतलं पीस उलगडतं. बघा. उलगडलं.

[पाच सेकंद शांतता.]

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. अंडी देणाऱ्या कोंबडीच्या दाण्यात ते १६ टक्क्यांच्या आसपास असतं. झडीच्या काळात १८ ते २० टक्के हवं. अंगणातल्या कोंबडीला नेमकं याच वेळी कमी मिळतं. अंडी नाहीत, म्हणून दाणा आखडतो. अंडी नाहीत, म्हणून तिच्याकडे लक्षही जात नाही.

[तांबडी, भिंतीच्या कडेला.]

झडीतली कोंबडी सुस्त असते, पण दाण्याचं भांडं वाजलं की येते. तांबडी येत नाही. अंग फुगवून, डोळे मिटून उभी आहे. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी दाण्याने भरलेली लागायला हवी. हिची रिकामी आहे. छातीचं हाड बोटाला सुरीसारखं लागतं. तुरा फिका पडलाय. अंडी बंद झाली की तुरा आक्रसतोच, थोडा फिकाही होतो, फसगत होते ती इथेच. पण चोच उघडून पाहिली, तर तोंडाच्या आतही रंग नाही.

[रात्र. टॉर्च.]

दिवसा तिच्या अंगावर काहीच सापडलं नव्हतं. आता कोंबड्या रात्री बसतात त्या दांडीच्या खालून पांढरं फडकं फिरवलंय. या लाल रेघा कोंबडीच्या रक्ताच्या आहेत. लाल माइट हा किडा मिलिमीटरहूनही लहान. दिवसभर फटीत दडतो, अंधार पडला की कोंबडीवर चढून रक्त पितो. उपाशी असताना राखाडी दिसतो, पोट भरलं की लाल. उबदार हवेत अंड्यापासून पुरा किडा व्हायला आठवडाभर पुरतो. खुराडं नुसतं रिकामं ठेवूनही भागत नाही, उपाशीपोटी तो कित्येक महिने तग धरतो. एकीकडे पिसं उभी करायला शरीर झिजतंय, दुसरीकडे रात्रभर रक्त जातंय.

[हात. खोका.]

आता हे हात बघा. तांबडी वेगळ्या खोक्यात, पण बाकीच्या तिला दिसतील अशा जागी. कोंबडीचं अंग एरवीच ४१ अंशांच्या आसपास गरम असतं, आणि पिसांवाचून ती ऊब टिकत नाही. म्हणून खोक्याच्या एका बाजूला ऊब, दुसरी बाजू मोकळी, तिला सरकता यावं यासाठी. पाणी चोचीत ओतायचं नाही. जिभेच्या मागेच श्वासनलिकेचं तोंड असतं, पाणी थेट आत जातं. चोचीचं टोक ओलं करायचं, आणि थांबायचं. प्यायली. भिजवलेला दाणा, वर कुस्करलेलं उकडलेलं अंडं. रोज सकाळी त्याच वेळी खोक्यासकट वजन. औषध आणि मात्रा पशुवैद्यकाने ठरवून दिली.

[खुराडं रिकामं. दांड्या अंगणात.]

खरं काम इथे आहे. दांड्या उपसल्या, त्यांची टोकं भिंतीत जिथे बसतात तिथल्या खाचा खरवडल्या. राखाडी भुकटीसारखं जे पडतंय, त्यात किडे आहेत, त्यांची अंडी आहेत. जुना भुसा जाळला. साबणाचं कढत पाणी, मग एक दिवस कोरडं होऊ दिलं, मग फटीफटीत औषध. आठवड्याने हे सगळं पुन्हा, कारण पहिल्या फवारणीतून अंडी सुटतात.

बाराव्या दिवशी तांबडी परत आली. त्याच दांडीवर बसणारी काळी त्याआधीच गेली होती.

[रात्र. टॉर्च. दांडी.]

तांबडीच्या शेपटीचे काटे बोटभर झालेत. फडकं पुन्हा दांडीखालून फिरतंय. पांढरंच निघालं. पुढच्या आठवड्यात परत फिरवायचंय.